माहिती सरकारची मागा, स्वतःची सांडू नका : माहिती अधिकार अर्जाची पायरी-पायरीने वाट

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, हे सांगणारी पत्रकं भरपूर सापडतात. दोन गोष्टी मात्र त्यांत सहसा नसतात. पहिली, अर्ज करता करता तुमची स्वतःची माहिती कुठे कुठे सांडत जाते. दुसरी, नोव्हेंबर २०२५ पासून 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढं एक वाक्य लिहून अर्ज फेटाळणं कार्यालयांना फार सोपं झालंय, तर त्यावर अर्जाची भाषा कशी बदलायची. या लेखाचा भर त्या दोन्हींवर आहे. सूचना महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी आहेत. केंद्राचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

१. अर्ज करण्याआधी : माहिती आधीच उघड्यावर आहे का?

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी कुणी न मागता प्रसिद्ध करायच्या असतात. अधिकाऱ्यांचं मासिक वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी, दिलेल्या सवलती आणि परवाने, माहिती अधिकाऱ्यांची नावं हे सगळं त्यात येतं. संकेतस्थळावर 'माहितीचा अधिकार' नावाच्या कोपऱ्यात ही फाइल पडलेली असते. बऱ्याचदा ती पाच-सहा वर्षं जुनी असते, पण कोणता कागद कोणत्या शाखेत असतो एवढं तरी तिच्यातून कळतं.

सातबारा महाभूलेखवर गट क्रमांकाने दिसतो. बांधकाम प्रकल्पाचे तपशील महारेरावर, ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराजवर, निविदा महाटेंडर्सवर आणि शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. निवडणूक लढवणाऱ्यांची मालमत्तेची शपथपत्रं निवडणूक आयोग स्वतःच प्रसिद्ध करतो. यांतलं काही अर्जाने मागाल, तर महिनाभर थांबून 'संकेतस्थळावर उपलब्ध आहे' हे उत्तर मिळेल. सापडलेलं पान लगेच पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवा. सरकारी संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुने दुवे मरतात.

आणखी एक वाट फार कमी लोकांना माहीत आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. नस्ती (कार्यालयातली फाइल) जाडजूड असेल तर आधी जाऊन चाळा, कामाच्या पानांचे क्रमांक टिपून घ्या आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. ३०० पानांचे ६०० रुपये वाचतात आणि अर्जही नेमका होतो.

२. केंद्र की राज्य?

तहसील, जिल्हा परिषद, महापालिका, पोलीस ठाणं, महावितरण ही राज्याकडची. टपाल, रेल्वे, पारपत्र, आयकर, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका केंद्राकडच्या. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, पण प्रत्यक्षात तो तिथेच रेंगाळतो.

ऑनलाइन अर्जात ही चूक जास्त महागात पडते. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या कार्यालयाचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि शुल्क बुडतं. राज्याचं पोर्टल आहे 'आरटीआयऑनलाइन डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन', केंद्राचं 'आरटीआयऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन'. शोधयंत्रात वर वर येणारी, याच्याशी मिळत्याजुळत्या नावाची काही खासगी संकेतस्थळं दहा रुपयांच्या कामाचे काहीशे रुपये घेतात आणि तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नि प्रश्नसुद्धा स्वतःकडे साठवून ठेवतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ते पान बंद करा.

राज्याच्या पोर्टलच्या यादीत तुमची ग्रामपंचायत किंवा महामंडळ नसेल, तर कागदी अर्जाला पर्याय नाही.

३. काय काय लागतं

- जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना. साध्या कागदावर तेच रकाने हाताने लिहिले तरी चालतं.
- १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा रोख भरून पावती. केंद्राच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते.
- दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्या दाखल्याची छायाप्रत. मग शुल्क नाही.
- अर्जाची दुसरी प्रत. आवक शाखेचा शिक्का, तारीख आणि क्रमांक तुमच्या प्रतीवर घ्यायला.
- टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्ट, पोच मिळेल अशी. 'रजिस्टर एडी करा' असं आता खिडकीवर सांगून उपयोग नाही; २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय.
- ऑनलाइनसाठी वेगळा ईमेल पत्ता. का, ते पुढे.

आधार कार्ड या यादीत नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

४. स्वतःबद्दल किती सांगायचं

कलम ६(२) अगदी स्पष्ट आहे. माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागत नाही, आणि संपर्कासाठी आवश्यक तेवढ्यापलीकडे कोणताही वैयक्तिक तपशील विचारता येत नाही. जोडपत्र 'अ' मध्ये नाव आणि पत्ता लागतो. व्यवसाय, संस्थेचं नाव, वय, जात, आधार, पॅन यांतलं काहीही लिहू नका. 'मी अमुक सोसायटीचा सचिव असून गेली तीन वर्षं...' अशी प्रस्तावना तर अजिबात नको. ती माहिती अधिकाऱ्याच्या उपयोगाची नसते. ज्याच्याबद्दल अर्ज आहे, त्याच्या मात्र फार उपयोगाची असते.

पत्त्याबद्दल सावध राहायला कारण आहे. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना हत्या झाली. रस्त्याच्या कामाचा साधा अर्ज करणाऱ्याने घाबरून जावं असं मुळीच नाही. पण जमीन, वाळू, बांधकाम किंवा ठेकेदारीत हात घालणार असाल तर घराचा पत्ता देण्याआधी पुढचं वाचा.

कोलकाता उच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०१३ च्या आदेशात म्हटलं की अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला असेल तर सविस्तर पत्त्याचा आग्रह धरू नये. केंद्राच्या कार्मिक विभागाने ८ जानेवारी २०१४ ला हा आदेश सगळीकडे कळवला. डाकघरात भाडं भरून पोस्ट बॉक्स घेता येतो. ते जमत नसेल तर वकिलाच्या किंवा ओळखीच्या संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता 'द्वारा' म्हणून द्या, अर्थात त्यांना आधी विचारून. पत्ता कोणताही असो, टपाल तिथे नक्की पोचलं पाहिजे. शुल्काचं पत्र हुकलं तर पुढची सगळी मुदत विसकटते.

खोटं नाव टाकणं हा मात्र उपाय नाही. अधिकार नागरिकाला आहे, शिवाय अपिलाच्या सुनावणीत ते नाव तुम्हालाच आडवं येतं.

एखादं कार्यालय ओळखपत्रावर अडून बसतं. आधी कलम ६(२) दाखवून लेखी मागणी करायला सांगा. बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो. द्यायचंच ठरवलं तर 'मास्क्ड आधार' द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून तो मिळतो आणि त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. छायाप्रतीवर आडवं लिहा : 'फक्त दि. __ च्या माहिती अधिकार अर्जासाठी'. कोऱ्या छायाप्रतीचे पाय कुठवर जातात हे कुणालाच कळत नाही.

ऑनलाइन अर्जात :

- ज्या रकान्यावर तारांकन नाही तो रिकामा सोडा.
- बँक, समाजमाध्यमं यांना जोडलेला ईमेल वापरू नका. अर्जांसाठी एक स्वतंत्र खातं काढा. नावाने शोधल्यावर तुमचा फोटो आणि नोकरी समोर येईल असा पत्ता नको.
- सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात अर्ज भरलात तर डाउनलोड झालेली पावती तिथल्या संगणकावर राहते. ती पुसा, डाउनलोडच्या यादीतूनही काढा आणि खात्यातून बाहेर पडा.
- पैसे कापले गेले पण नोंदणी क्रमांक आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून एक-दोन दिवस थांबा.
- जोडलेली पीडीएफ तुमच्या ऑफिसच्या संगणकावर केली असेल तर फाइलच्या गुणधर्मांत तुमचं किंवा कंपनीचं नाव असू शकतं. पाठवण्याआधी ते पाहून काढून टाका.

५. अर्जाचा मजकूर : माणूस नको, कागद मागा

महाराष्ट्रात २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्द अशी मर्यादा आहे. लोकांना ती जाचक वाटते, पण तिचा फायदाही होतो. लांबलचक अर्जातून माहिती अधिकारी स्वतःला सोयीचा प्रश्न निवडतो.

'का', 'कोणत्या आधारे', 'योग्य आहे का' असे प्रश्न टाळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलंय की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. कार्यालयात जे अभिलेखात आहे तेच मिळतं, नवीन काही तयार करून मिळत नाही. 'रस्ता इतक्या लवकर का उखडला?' याला उत्तर येणार नाही. मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल मागितलात की उत्तर त्या कागदांतच सापडतं.

नमुना :

*विषय : प्रभाग क्र. __ मधील __ रस्त्याचे डांबरीकरण.*
*कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.*
*माहितीचे वर्णन : (१) तांत्रिक मंजुरीसह अंदाजपत्रकाची प्रत. (२) कार्यारंभ आदेशाची प्रत. (३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती. (४) अदा केलेल्या देयकांच्या प्रती. (५) गुणवत्ता चाचणी अहवालांच्या प्रती. वरील कागदांत व्यक्तींचे आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक असल्यास ते कलम १० नुसार वगळून उर्वरित प्रती द्याव्यात.*

त्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, आणि ते का हे नीट समजून घ्या. कलम ८(१)(ञ), ज्याला बोलताना सगळे 'आठ-एक-जे' म्हणतात, त्यात पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या : सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण व्हावं. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून टाकलं. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालं. आता तिथे उरलंय ते फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती', आणि सरकारी कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच.

खासगीपणाचा हक्क खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो मूलभूत ठरवला आणि तो तुम्हालाही हवाच आहे. अडचण एवढीच की ज्याला माहिती द्यायची नाही त्याच्या हातात आता मोठी झाकणी आली. म्हणून अर्ज लिहितानाच तिची सोय करायची :

- नावाऐवजी पदनाम लिहा. 'श्री. अमुक यांच्या रजा' असं न लिहिता 'शाखा अभियंता या पदाच्या हजेरीपटाची प्रत' मागा.
- याद्यांच्या जागी आधी आकडे मागा : गावनिहाय किती लाभार्थी, किती रक्कम, किती अर्ज फेटाळले.
- व्यक्तिगत क्रमांक गाळून द्या, हे कलम १० चं वाक्य स्वतःच घाला. संपूर्ण नस्ती नाकारायचं कारण त्याने कमी होतं.
- माहिती कलम ४ च्या १७ बाबींपैकी असेल, म्हणजे वेतन, अनुदानाचे लाभार्थी, परवाने, तर तसं लिहा. नव्या कायद्याने कलम ४ ला हात लावलेला नाही. जे स्वतःहून जाहीर करायला कायदा सांगतो, ते मागितल्यावर नाकारण्याला अपिलात टिकाव लागणं कठीण जातं.
- कलम ८(२) शाबूत आहे : संरक्षित हिताला पोचणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. ते हित कोणतं हे दोन वाक्यांत, ठोस लिहा. 'व्यापक जनहितार्थ' एवढ्यानेच भागत नाही. 'या टाकीचं पाणी अमुक वाड्यांना जातं आणि चाचणी अहवाल त्याबद्दल आहे' असं हवं.

एखाद्या कर्मचाऱ्याच्या ज्ञापनांच्या (मेमोंच्या), मालमत्ता विवरणाच्या किंवा आयकर विवरणपत्राच्या मागे लागू नका. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती वैयक्तिक ठरवली होती, तीही जुना, मवाळ मजकूर असताना. स्वतःची माहिती, म्हणजे तुमचा अर्ज, तुमची उत्तरपत्रिका, तुमच्या तक्रारीवरची टिपणी मागताना मात्र 'ही माहिती अर्जदाराचीच आहे' हे पहिल्या ओळीत लिहा.

६. मुदती मोजायच्या कशा

माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज पोचल्यापासून ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. सहायक माहिती अधिकाऱ्यामार्फत गेला असेल तर आणखी पाच दिवस धरा. त्रयस्थ पक्षाची, म्हणजे तुम्ही आणि कार्यालय सोडून तिसऱ्या कुणाची माहिती असेल तर त्याला पाच दिवसांत नोटीस जाते, म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात आणि एकूण मुदत ४० दिवस होते. त्रयस्थाने 'नको' म्हटलं म्हणून माहिती आपोआप अडत नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. हे उत्तरात सर्रास उलटं लिहिलेलं दिसतं.

प्रतीला पानामागे २ रुपये आणि टपालखर्च. शुल्काचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून हे पत्र हमखास २८-२९ व्या दिवशी निघतं. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपा. ३० दिवस उलटून गेल्यावर निघालेलं पत्र असेल तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते. तसं एका ओळीत लेखी कळवा.

७. अपील

पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, ३० दिवसांत. महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, केंद्रात शुल्क नाही. निकाल ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५. दुसरं अपील जोडपत्र 'क' मध्ये राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, ९० दिवसांत, पुन्हा २० रुपये. इथे तारीख लागायला इतका वेळ जातो की पहिल्या अपिलालाच शेवटची संधी समजून तयारी करावी.

कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांत घोळ करू नका. तक्रारीत दंड होऊ शकतो, दिवसाला २५० आणि कमाल २५,००० रुपये; पण २०११ मधल्या मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की तक्रारीतून माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. माहिती हवी असेल तर अपीलच.

आयोगाचे निर्णय अपिलकर्त्याच्या नावासह संकेतस्थळावर येऊ शकतात. पत्ता, मोबाइल वगळावा अशी विनंती अपिलातच लिहून ठेवा.

८. तुमचा पत्ता कार्यालयानेच उघडा केला तर

केंद्राच्या कार्मिक विभागाने अर्जदारांचे वैयक्तिक तपशील संकेतस्थळावर टाकू नयेत असं कळवलेलं आहे. तरीही केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने एका अर्जदाराचे तपशील टाकले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रालयाला त्या अर्जदाराला २५,००० रुपये द्यायला लावले. तुमच्या बाबतीत असं झालं तर आधी पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असं चित्र घ्या, मग कार्यालयप्रमुखाला तपशील काढायला लेखी कळवा. क्रम उलटा झाला तर पुरावा हातून जातो. धमकी आली असेल तर पोलिसांत लेखी तक्रार आणि पोच, त्याच दिवशी.

९. मिळालेले कागद पुढे पाठवताना

ग्रुपवर टाकायची घाई इथे नडते. लाभार्थी यादीत लोकांचे बँक खाते क्रमांक असतात, टिपणीत आजारपण असतं, पंचनाम्यात बायकांची नावं असतात. माहिती अधिकारी जे गाळायला विसरला, ते तुम्ही गाळायचं.

मोबाइलच्या फोटोवर ब्रशने काळं फासणं पुरेसं नाही. हायलायटर अर्धपारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे अंक वर येतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. खात्रीची रीत जुनीच आहे : प्रिंट काढा, जाड काळ्या पेनने दोन्ही बाजूंनी खोडा, त्याची छायाप्रत काढा आणि ती छायाप्रत स्कॅन करा. थेट खोडलेला कागद स्कॅन केला तर शाईखालचा ठसा कधी कधी दिसतो.

पहिल्या पानावरचा तुमचा स्वतःचा पत्ता खोडायला लोक हमखास विसरतात. पाकिटाचा फोटोही टाकू नका, त्याच्यावरही तोच पत्ता असतो. घरी फोटो काढला असेल तर त्यात ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती आधी बंद करा. मूळ संच, पोच आणि पाकीट मात्र काहीही न खोडता फाइलला लावून ठेवा, अपिलात तेच दाखवावं लागतं.